डिस्कसच्या घरातला मुकादम

खरं सांगा, तुम्ही कधी माशाला पिल्लं अंगावर पाजताना पाहिलंय?

हसू नका. मीही हसले होते. ज्या बाईसमोर हसले तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की भल्याभल्या साहेबांसमोर न मिटलेलं माझं तोंड आपसूक मिटलं. त्या बाईची ही गोष्ट. सगळी वस्ती तिला मीटरबाई म्हणते, मीही तेच म्हणेन.

मीटरबाई पाणीखात्यात मीटर वाचते. एकवीस वर्षं झाली. ऐकायला सोपं वाटतं ना? एक दिवस तिच्या मागे फिरून बघा. पाण्याचं मीटर कधी माणसाच्या डोळ्यांसमोर नसतं. ते जिन्याखाली असतं, गटाराशेजारच्या खड्ड्यात असतं, लोखंडी झाकणाखाली असतं, त्या झाकणावर कोणाची तरी मोटारसायकल उभी असते आणि मोटारसायकलचा मालक झोपलेला असतो. मीटरबाईच्या पिशवीत तीन वस्तू कायम: झाकण उचलायचा आकडा, टॉर्च, आणि लांब दांडीला बांधलेला तळहाताएवढा आरसा. जिथं डोकं जात नाही तिथं आरसा जातो. खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकायचे, आरसा आत सोडायचा, त्यावर उजेड मारायचा आणि उलटे दिसणारे आकडे सुलटे लिहून घ्यायचे. दिवसाला साठ-सत्तर खड्डे. गुडघ्यांना घट्टे पडलेत. "आमच्या सूनबाईंना सगळं उलटं वाचायची सवय," असं तिचे सासरे म्हणतात, आणि ती म्हणते, "म्हणूनच तुम्ही मला सुलटे दिसता, बाबा."

माझी तिची ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात. तीन महिने आमच्या इमारतीच्या नोंदीत 'घर बंद' असा शेरा येत होता. घर बंद? मी दिवसभर घरात बसून लोकांचे अर्ज लिहिते, जिन्यावर माणसांची रांग असते, आणि माझं घर बंद? रविवारी सकाळी कागद बगलेत मारले आणि तिचा पत्ता काढून तिसऱ्या मजल्यावर चढले. दार उघडायच्या आधीच मी सुरू झाले होते.

दार उघडलं. कोपरापर्यंत ओले हात, कपाळावर केस चिकटलेले, आणि ओठांवर बोट.

"आवाज खाली घ्या, ताई."

"आवाज खाली घेणाऱ्यांतली मी नव्हे. तुम्ही आमच्या इमारतीला..."

"घरात बाळंतीण आहे."

मी चपला काढल्या आणि चोरपावलांनी आत गेले. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला सासऱ्यांची खाट, समोरच्या भिंतीला चार फुटी काचेची टाकी, मधून एक माणूस तिरकं होऊन जाईल एवढीच वाट. खाटेवर म्हातारबुवा पेपर वाचत बसलेले. बाळंतीण काही दिसेना.

"कुठाय?"

तिनं टाकीकडे बोट केलं. तेव्हा मी हसले, आणि तेव्हा तिनं माझ्याकडे तसं पाहिलं.

टाकीत मधोमध दोन मासे होते. मासे म्हणजे माझ्या डोक्यात जे होतं तसे नव्हेत. जेवायच्या ताटलीएवढे गोल, आणि ताटलीसारखेच चपटे. समोरून पाहिलं तर नुसती एक उभी रेघ, बाजूला वळले की अख्खा चंद्र. विटकरी अंग, त्यावर निळ्या-हिरव्या नागमोडी रेषा, जणू कोणी सबंध जन्म बसून एक-एक काढली आहे. आणि डोळा! लाल, गोल, शांत. त्या डोळ्यानं माझी दखल घेतली आणि मला सोडून दिलं. बाईंनो, मला मंत्र्यांच्या सचिवांनी पायऱ्यांवर ताटकळत ठेवलंय, पण इतक्या सभ्यपणे मला कोणी क्षुल्लक ठरवलं नव्हतं.

"डिस्कस," ती कुजबुजली. "ही मादी. तो नर. आणि ती पिल्लं. नीट बघा."

मग दिसलं. पाण्यात केसांचे तुकडे तरंगावेत तशी शे-दीडशे पिल्लं. ती नराकडे जात, त्याच्या अंगाला भिडत, की तो झटका देऊन बाजूला होई. मादीकडे जात, तीही सरके. परत नराकडे.

"काय शोधतायत?"

"जेवण. ह्यांच्या आईबापांच्या अंगावर साय धरते, ताई. दुधावर धरते तशीच. पोहायला लागल्या दिवसापासून पिल्लं तीच खातात. दुसरं काही चालत नाही. ह्यांना मिळत नाहीये. आज चौथा दिवस. मिळालं तर आज, नाहीतर संपलं."

मी कागद बगलेतच ठेवून दोन तास तिथं उभी राहिले. दुपारी बारापर्यंत एक-एक करून ते केसाचे तुकडे तळाला बसले. मीटरबाईनं बारीक नळी लावली आणि तळ स्वच्छ केला. हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "तिसरी खेप. तुमच्या मीटरच्या झाकणावर कोणीतरी सिमेंटची गोणी ठेवलीय, तीन महिने झाले. ती हलवा आणि मग माझ्याशी भांडायला या."

गोणी आमच्याच वस्तीच्या मंडळाची होती. ओटा बांधायला आणलेली. त्याच दिवशी हलवली.

पण मी परत गेले. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी. निमित्त सांगायला लाज वाटते, पण मला तो डोळा परत बघायचा होता.

हळूहळू तिनं सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी तिनं काचवाल्याकडून सहा डिस्कस आणले, रुपयाच्या नाण्याएवढे. काचवाला म्हणजे आमच्या चौकातला टाक्या बनवणारा आणि मासे विकणारा. सहांतले चार गेले, दोन राहिले, आणि त्या दोघांनी आपणहून जोडी जमवली. ह्या माशांची तब्येत राजघराण्याची. पाणी एकोणतीस अंश हवं, एक अंश खाली गेलं की कोपऱ्यात जाऊन काळवंडतात. नळाचं पाणी थेट चालत नाही, पिंपात एक दिवस निवांत ठेवायचं, मग घालायचं. खातात सावकाश, एक घास घेतला की विचार करतात. आणि भित्रे! दारावर कोणी थाप मारली की थरथरतात. म्हणून तर मला जिन्यावरच गप्प केलं होतं.

"एवढे भित्रे तर एकटे ठेवायचे," मी म्हटलं.

"एकटे ठेवले की आणखी भितात. मोकळ्या पाण्यात बारकी मासळी बिनधास्त फिरताना दिसली की ह्यांना कळतं, आसपास धोका नाही. शेजार लागतो, ताई. फक्त बरा शेजार लागतो."

आणि शेजार निवडायला ही बाई अशी निघाली होती, जणू घरात मुलीची सोयरीक जुळवायची आहे. वहीत प्रत्येक माशाची चौकशी लिहिलेली. ही वही मी स्वतः वाचली आहे. मी शाळा सातवीत सोडली आणि पुढचं सगळं शिक्षण रद्दीच्या दुकानातून घेतलं, त्यामुळे कोणी आपल्या बळावर शिकलेलं असलं की मला वासावरून कळतं. कोणत्या माशाला किती ऊब सोसते, खाताना हावरटपणा करतो का, वयात आल्यावर किती वाढतो, आणि मुख्य म्हणजे स्वभाव. स्वभावाच्या रकान्यात एकेक शेरे असे, की मला आमच्या मंडळाची कार्यकारिणी आठवली.

शेजाऱ्यांतले दोन-चार कमी झाले म्हणून ती काचवाल्याकडे गेली तेव्हा मी सोबत होते, एकदाच, पुरलं.

"हे पट्टेवाले न्या, वहिनी," काचवाला म्हणाला. "चपळ. टाकीत जान येते."

"येते, आणि डिस्कसचे पर कुरतडले की जाते. नको."

"मग गोल्डफिश?"

"त्याला गारवा लागतो. माझ्या टाकीत त्याचा उकडलेला बटाटा होईल."

"एंजल घ्या. दिसायलाही ह्यांचाच चुलतभाऊ."

"चुलतभाऊ आहे म्हणूनच नको. डिस्कस एक घास उचलेपर्यंत हा अख्खं ताट साफ करतो."

काचवाला वैतागला. "अहो वहिनी, एका पाण्यात सगळे सगळ्यांबरोबर राहतात!"

"तुम्ही राहता का तुमच्या तिन्ही मेव्हण्यांबरोबर?"

दुकानातली माणसं हसली. काचवाल्यानं निमूट जाळी उचलली आणि ती दाखवेल ते काढून दिलं.

तर तिनं निवडलेले शेजारी असे. एक तर कार्डिनल टेट्रा, बोटाच्या पेराएवढे, नाकापासून शेपटीपर्यंत खाली लाल आणि वर निळी रेघ. तसाच दिसणारा दुसरा एक स्वस्तात मिळतो, पण त्याची लाल रेघ अर्ध्यावरच संपते आणि त्याला ही ऊब सोसत नाही. ती रेघ मोजून घेते. दुसरे तळाशी घोळक्यानं फिरणारे मिशीवाले, गरीब स्वभावाचे, सांडलेला दाणा वेचून खाणारे. आणि तिसरे लालनाक्ये. ह्यांनी तर मला वेड लावलं. चांदीसारखं अंग, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे, आणि डोकं रक्तासारखं लाल. पाणी चांगलं असेल तोवर लाल. पाण्यात जरा बिघाड झाला की नाकं फिकट पडतात, माणसाला काही कळायच्या आत.

"हे माझं घरचं मीटर," ती म्हणाली. "ह्याला आरसा लागत नाही."

मी आयुष्यभर पाण्यासाठी मोर्चे काढले. पाण्याबद्दल आपल्याला काही कळतं असं मला वाटायचं. त्या वीस लाल नाकांपुढे उभी राहून मला स्वतःची शरम वाटली.

आता मुख्य दुखण्यावर येते. वर्षभरापूर्वी नराच्या कुशीवर एक फिका डाग उठला. मग डागाचा ओरखडा झाला, ओरखड्याची जखम. मादीच्या अंगावरही चट्टे. पाणी तपासलं, ठीक. दाणा बदलला. मीठ, औषध, सगळं झालं. जखम बरी होई, परत उठे. आणि ज्याची सायच सोललेली, तो पिल्लांना काय पाजणार? पिल्लांनी तोंड लावलं की त्याला झोंबायचं, म्हणून तो झटका द्यायचा. तीन खेपा अशा गेल्या.

मीटरबाईनं शेजाऱ्यांवर संशय घेतला. आधी लालनाक्यांना बाहेर काढलं. जखम तशीच. मग कार्डिनल. मग मिशीवाले. आता ती सगळी निर्दोष मंडळी स्वयंपाकघरात ओट्यावरच्या दुसऱ्या टाकीत राहत होती, आणि ही बाई उरलेल्या वीतभर ओट्यावर पोळ्या लाटत होती. नवरा दूरच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी यायचा. आला की विचारायचा, "आपण भाड्यानं राहतो की मासे?"

मोठ्या टाकीत राहिले फक्त ती जोडी आणि मुकादम.

मुकादमाची ओळख करून द्यायची राहिली. तोही मासाच. सकर. काचेला तोंड लावून चिकटतो तो काळा, खरबरीत, हातभर लांबीचा. सासऱ्यांनी अकरा वर्षांपूर्वी आणलेला, टाकीत साधे मासे होते तेव्हापासूनचा. सासऱ्यांनी चौतीस वर्षं मंडई झाडली. निवृत्त झाल्यावर त्यांनी काय आणलं, तर टाकी झाडणारा मासा, आणि त्याला नाव दिलं मुकादम, कारण जन्मभर त्यांच्यावर मुकादमानं हुकूम सोडले होते. आता मुकादम झाडतो आणि बाबा खाटेवरून हुकूम सोडतात: "मुकादम, डावा कोपरा राहिला!"

"ह्याला अकरा वर्षांत दाणा टाकावा लागला नाही," ते मला पहिल्याच दिवशी अभिमानानं म्हणाले. "आपल्या मेहनतीचं खातो. कोणाच्या उपकाराचा घास नाही."

मी मान डोलावली. आज आठवलं की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

चौथ्या खेपेची अंडी एका शनिवारी पडली. ज्या उलट्या कुंडीवर ती चिकटवलेली असतात तिच्याभोवती, कोणी खाऊ नये म्हणून, मीटरबाईनं नेहमीसारखी बारीक जाळी बसवली. रविवारी मी गेले तेव्हा ती टाकीसमोर जमिनीवर बसली होती. नराच्या कुशीवर नवी जखम होती, ताजी, अंगठ्याएवढी.

"काचवाला जोडी परत घ्यायला तयार आहे," ती म्हणाली. "ह्या खेपेला पिल्लं जगली नाहीत तर देऊन टाकणार. पाच वर्षं झाली, ताई. मी त्यांना मारत्येय. काय करून मारत्येय तेच कळत नाही. नाही बघवत."

मला राग आला. तिचा नाही. ज्या गुन्ह्याचा गुन्हेगार सापडत नाही त्याचा मला फार राग येतो.

"जखम कधी होते?" मी विचारलं.

"सकाळी उठून बघते तेव्हा झालेली असते."

"म्हणजे अंधारात. मग बघायचं की!"

"दिवा लावला की सगळे जागे होतात, जागच्या जागी जातात. मी काय बसले नसेन?"

"दिवा नको लावू. तू खड्ड्यात कशी बघतेस?"

ती उठली आणि पिशवी घेऊन आली.

भर दुपारी आम्ही रात्र केली. खिडकीला चादर, टाकीवर दोन गोधड्या, चारी बाजूंनी बंद. टॉर्चच्या तोंडाला चॉकलेटचा लाल कागद, रबरानं बांधलेला, कारण लाल उजेडाला मासे जुमानत नाहीत असं तिच्या वहीत लिहिलेलं होतं. मग वाट बघणं. एक तास. बाबा खाटेवरून म्हणत होते, "माशांना झोपवताय का मला?"

शेवटी तिनं गोधडीची फट केली, वरून आरसा आत सोडला, लाल उजेड आरशावर टाकला. खड्ड्यातलं मीटर वाचावं तशी मान तिरकी केली. मग आरसा तसाच धरून बाजूला सरकली आणि मला डोळ्यांनी बोलावलं.

मी पाहिलं. डिस्कस दोघं मधोमध झोपेत उभे होते, अंधारात टांगलेल्या दोन ताटल्या. आणि मागच्या काचेवरून मुकादम सुटला. घाई नाही, गडबड नाही. कोणी पाठीवर हात ठेवावा तसा तो नराच्या कुशीवर येऊन बसला. तोंड लावलं. नर शहारला, वीतभर सरकला. मुकादमही वीतभर सरकला, पुन्हा तिथंच. काचेवरून जसा फिरतो तसाच फिरत राहिला, इमानदारीत, डाव्या कोपऱ्यापासून. तो साय खरवडत होता. पिल्लांची साय.

मीटरबाईनं गोधड्या ओढून काढल्या. उजेडात मुकादम परत काचेवर, जणू काही झालंच नाही.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"तुमचा मुकादम," ती म्हणाली. "वर्षभर हाच. मी गरिबांना हाकललं, त्या मिशीवाल्यांना, सगळ्यांना, आणि चोर घरात ठेवला!"

"चोर?" म्हातारा खाटेवरून उठला. "माझ्या मुकादमाला चोर म्हणतेस? अकरा वर्षं घर झाडलं त्यानं! तुझे हे नवाब काल आले. त्यांना तो चालत नसेल तर ते जातील, तो जाणार नाही!"

आता खरं म्हणजे मी पाहुणी. पण माझ्या जिभेला ते कधी कळलंय?

"बाबा, अकरा वर्षं त्यानं काम केलं. तुम्ही त्याला खायला काय घातलंत?"

"काही नाही! तेच तर..."

"कुठलं खाणार मग? ह्या टाकीत शेवाळाचा ठिपका दाखवा मला. एक सांडलेला दाणा दाखवा. तुमच्या सुनेची स्वच्छता बघा. काचेत भांग पाडता येईल! काम करतो म्हणून जेवण द्यायचं नाही, हे मी कारखानदारांकडून ऐकलंय, बाबा. तुमच्याकडून ऐकेन असं वाटलं नव्हतं."

मीटरबाईनं काचेच्या आतून एक बोट फिरवलं आणि ते बघितलं. स्वच्छ.

"मीच," ती म्हणाली. "डिस्कसनी अंडी घालायला सुरुवात केल्यापासून मी दिवसाआड काच पुसते. त्याला चाटायला काही ठेवलंच नाही. साध्या माशांच्या वेळी होतं ना त्याला भरपूर. मीच घास काढून घेतला त्याचा."

बाबा टाकीजवळ आले. चौतीस वर्षं वाकून वाकून त्यांची पाठ जन्माची वाकलेली आहे, त्यामुळे त्यांचं तोंड नेमकं मुकादमाच्या तोंडासमोर येतं. काचेच्या ह्या बाजूला एक तोंड, त्या बाजूला एक.

"मंडईत झाडून झालं की चहावाला हाक मारायचा," ते हळूच म्हणाले, आमच्याशी की त्याच्याशी कोण जाणे. "मी जायचो नाही. म्हणायचो, पगार घेतो, उपकार नको. घरी येईपर्यंत पोटात आग पडायची." मग काचेच्या आणखी जवळ गेले. "एकदा एक केळं उचललं होतं. चौतीस वर्षांत एकच. सूनबाई, कोणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार, बाबा."

मी मात्र सांगते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे.

ते स्वयंपाकघरात गेले आणि काकडीची एक चकती कापून आणली. पाण्यात टाकली तर तरंगली. मग मीटरबाईनं ती दोऱ्यानं चमच्याला बांधली, चमचा बुडाला. मुकादम आला. तोंड लावलं आणि सोडलं नाही. अर्ध्या तासात चकतीची नुसती साल राहिली, अंगठीसारखी गोल. बाबा खाटेच्या कडेवर बसून सगळा वेळ बघत होते. एकदाही हुकूम सोडला नाही.

एकदा साईची चटक लागलेला सकर सुटत नाही, असं वहीत होतं. म्हणून त्याच संध्याकाळी मुकादमाची बदली न्हाणीघरातल्या निळ्या पिंपात झाली, आणि आठवड्यात खाटेच्या उशाशी त्याची स्वतःची टाकी आली. तीत एक लाकडाचा ओंडका, कारण तो त्याला चघळायला लागतो. ही टाकी बाबांनी मागितली. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतर, त्यांनी कोणाकडे काही मागितलेलं मीटरबाईनं पहिल्यांदाच ऐकलं.

आणि पिल्लं?

शुक्रवारी सकाळी तिचा निरोप आला: या. मी केस न विंचरता गेले. जिना चपला हातात घेऊन चढले. खिडकीतून ऊन तिरकं टाकीत पडलं होतं. कुंडीवरची जाळी काढलेली. पिल्लं सुटली होती, केसांचे दोनशे तुकडे, आणि पुन्हा तेच शोधणं. ती मादीकडे गेली. मी मीटरबाईचा हात घट्ट धरला होता, तिनं माझा.

मादी हलली नाही.

एक पिल्लू कुशीला चिकटलं. मग दहा. मग सगळीच. तिची ती निळी-हिरवी नक्षी दिसेनाशी झाली, अंगभर जिवंत लव उगवल्यासारखी. दोनशे इवली तोंडं टोचत होती आणि ती पाण्यात स्थिर उभी होती, फक्त कल्ले हलत होते. मी दोन मुलं पाजून वाढवली आहेत. ते उभं राहणं मला ओळखता आलं. आणि मी, जिचा आवाज बिनमाइकचा मैदानाच्या टोकाला जातो, ती मी, तोंडावर पदर दाबून उभी राहिले.

नर बाजूला होता. त्याची जखम नुकती भरत होती. त्या दिवशी तो जवळ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मादी एकटी पुरी पडेना, तिचं अंग काळवंडायला लागलं. मीटरबाईनं त्या दोन दिवसांत किती पाणी बदललं आणि कितीदा उपाशी झोपली ते बाबांना विचारा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच होते. नर सरकत सरकत मादीच्या शेजारी आला. कुशीला कुशी लावून उभा राहिला. मादीनं एकच झटका दिला, ओला टॉवेल झटकावा तसा, आणि क्षणात सगळी पिल्लं तिच्या अंगावरून सुटून त्याच्या अंगावर. तो शहारला. आता देतो झटका, आता देतो...

दिला नाही. जखमेच्या कडेनं पिल्लं टोचत राहिली आणि तो उभा राहिला. मादी बाजूला जाऊन आळस दिल्यासारखी एक फेरी मारून आली. थोड्या वेळानं त्यानं झटका दिला आणि पिल्लं परत तिच्याकडे. असं दिवसभर. पाळी लावून. कोणी शिकवलं त्यांना? त्यांच्या आईबापांपासून ती नाण्याएवढी असताना तुटलेली पोरं ही. काचेच्या पेटीत वाढलेली. कुठल्या वहीतून वाचलं त्यांनी?

"बघा," बाबा खाटेवरून कुजबुजले, "आमच्या घरात कुजबुजायला शिकली ही बया." ते मला उद्देशून होतं. मी ऐकून घेतलं.

त्यातली एक्याऐंशी पिल्लं जगली. आता ती बटणाएवढी झाली आहेत आणि त्यांना वेगळी टाकी मिळाली आहे. लालनाक्ये, कार्डिनल आणि मिशीवाले मोठ्या टाकीत परत आले, आणि मीटरबाईला तिचा ओटा. वहीत मुकादमाच्या नावापुढे स्वभावाच्या रकान्यात पूर्वी काहीच नव्हतं, घरच्या माणसाची चौकशी कोण करतं? आता तिथं तिच्या अक्षरात दोनच शब्द आहेत: 'भूक लागते.'

तुमच्या घरी टाकी असेल, आणि काचेला तोंड लावून एखादा काळा, खरबरीत, गुपचूप काम करणारा असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा. काकडीची एक चकती कापा. चमच्याला बांधा, म्हणजे बुडेल. आणि तो खाईपर्यंत त्याच्यासमोर बसा.